सासूबाईंना सगळं ठाऊक होतं

मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते, आजचा हा लेख मरणाविषयी आहे. पण म्हणून लगेच पान उलटून पाककृतींकडे वळू नका. लोणच्याचं माप ह्या लेखातही आहे, नि ते मी तुम्हांला सांगणार आहे.

मी हिंगोलीची. म्हणजे सासर हिंगोलीचं. १९७८ साली लग्न होऊन इथे आले, तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. इथल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवण्यात माझी जवळजवळ तीस वर्षं गेली. हुंडा, कुटुंबव्यवस्था, जातिव्यवस्था असे नेहमीचे विषय मी वर्गात शिकवत असे. पण माझ्या स्वतःच्या अभ्यासाचा विषय मात्र वेगळाच होता.

एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या शेजारच्या वकिलीणबाईंनी मला विचारलं, "काय हो, एवढी पुस्तकं वाचता, तुमचा विषय तरी कोणता?"

मी भोळेपणानं म्हटलं, "मृत्यू. म्हणजे घरात माणूस मरायला टेकतं तेव्हा बाकीची माणसं काय करतात, काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, ते."

बाईंचं कुंकवाचं बोट तसंच हवेत राहिलं! मग त्यांनी माझ्या शेजारणीला आधी कुंकू लावलं. घरी आल्यावर सासूबाईंच्या कानांवर ही वार्ता माझ्याआधीच पोचली होती. त्या म्हणाल्या, "शुभ बोल गं माय. संक्रांतीच्या दिवशी तरी!"

तुम्हीही कदाचित नाक मुरडाल. पण मला सांगा, तुमच्या घरात आजवर जे कुणी गेलं असेल, त्यांचे शेवटचे सहा महिने कुणी काढले? स्मशानात पुरुष जातात, मडकं ते धरतात, तेराव्याची पंगतही तेच ठरवतात. पण त्याआधी? भांडं देणं, पाठीच्या जखमा पुसणं, चार चमचे पेज घशाखाली उतरवणं, रात्री दर तासाला उठून 'काय पाहिजे?' म्हणून विचारणं, हे सगळं करणारी बाईच असते. मग ह्या विषयाचा विचार बायकांनी नाही करायचा तर कुणी?

मला हा विषय लागला तो एका पुस्तकामुळे. एम. ए. ला असताना विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते सापडलं. बार्नी ग्लेसर आणि अन्सेल्म स्ट्रॉस ह्या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९६५ साली ते लिहिलं होतं. स्ट्रॉस सॅन फ्रान्सिस्कोच्या परिचारिका महाविद्यालयात प्राध्यापक होते. ह्या दोघांनी काय केलं, तर तिथल्या आसपासच्या सहा रुग्णालयांत जाऊन बसले आणि नुसतं पाहिलं. मरणाऱ्या माणसाभोवती डॉक्टर काय बोलतात, नर्स कशा वागतात, नातेवाईक दाराबाहेर काय कुजबुजतात नि आत आल्यावर कसं हसतात! जीन क्विंट नावाची एक अनुभवी नर्स ह्या अभ्यासात त्यांच्याबरोबर होती, आणि तिनं पुढे १९६७ साली नर्सेसवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं.

त्यांनी पाहिलेल्या साऱ्या प्रसंगांचे चार प्रकार केले. तुम्हांला समजेल असं सांगते.

पहिला प्रकार: सगळ्यांना माहीत आहे, फक्त आजारी माणसाला माहीत नाही. दुसरा: आजारी माणसाला संशय आलेला आहे, ते खोदून खोदून विचारतं, आणि बाकीचे टोलवाटोलवी करतात. तिसरा प्रकार सगळ्यांत गमतीचा आणि सगळ्यांत वाईट. आजाऱ्यालाही माहीत आहे, घरच्यांनाही माहीत आहे, आजाऱ्याला माहीत आहे हेही घरच्यांना आतून ठाऊक आहे. पण सगळे मिळून काहीच माहीत नसल्याचं सोंग करतात. आणि चौथा: सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि ते उघड बोललं जातं.

हे चार प्रकार मी दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायची. पोरं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत मात्र हा प्रश्न कधीच आला नाही.

पुढे मला ह्याच विषयावर डॉक्टरेट करायची होती. ज्यांच्याकडे गेले ते गृहस्थ हसून म्हणाले, "बाई, दुसरं काही घ्या. कुटुंबनियोजन घ्या, बालविवाह घ्या. हा काय विषय झाला!" मग डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. पण मी माझा उद्योग सोडला नाही. सुट्टीत एस. टी. ने सेनगाव, कळमनुरी, औंढ्याच्या बाजूच्या खेड्यांत जायचे, म्हाताऱ्या बायकांशी बोलायचे. दोन मोठ्या वह्या भरल्या. कुणाच्या तोंडात तुळशीपत्र वेळेवर पडलं, कुणाचा जीव कशात अडकला होता, कुणाला जमिनीवर घ्यायला उशीर झाला, असं सारं त्यांत आहे. सुरुवातीला बायका म्हणायच्या, "हे कामून विचारायलीस माय?" आणि एकदा बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. कारण त्यांना हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ह्या अभ्यासातून मला आपल्याच रीतिभातींकडे नव्यानं पाहता आलं. फ्रान्समध्ये रॉबर्ट हर्ट्झ नावाचा एक तरुण विद्वान होता. १९०७ साली त्यानं एक निबंध लिहिला. श्वास थांबला की मरण संपत नाही, असं त्यानं बोर्निओतल्या लोकांचे विधी अभ्यासून दाखवलं. गेलेल्या माणसाला 'गेलेला' व्हायला वेळ लागतो आणि मागे राहिलेल्यांना त्याच्याशिवाय जगायला शिकायलाही वेळ लागतो. तो वेळ समाज विधींच्या रूपानं देतो. मला वाचताना आपलं दहा दिवसांचं सुतक आठवलं, दहाव्याचा पिंड, तेरावा, वर्षश्राद्ध. ह्या निबंधाचा लेखक स्वतः १९१५ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी.

उलट इंग्लंडात काय झालं पाहा. जेफ्री गोरर ह्या मानववंशशास्त्रज्ञाचा भाऊ १९६१ साली वारला. मेजवानीचं आमंत्रण आलं की गोरर सांगत, मी दुःखात आहे, येऊ शकत नाही. तर लोक एवढे ओशाळत, जणू त्यांनी काही अश्लीलच बोलून टाकलं! शंभर वर्षांपूर्वी जसं स्त्रीपुरुषसंबंधांवर चारचौघांत बोलणं वर्ज्य होतं, तसं आता मरणावर बोलणं वर्ज्य झालं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९६५ साली त्यांनीही ह्यावर पुस्तक लिहिलं. ते वाचून मला वाटायचं, आपलं बरं आहे बाई. आपल्याकडे निदान लोक भेटायला येतात, गळ्यात पडून रडतात, शेजारून पिठलं-भाकरी येते.

पण हे झालं मरणानंतरचं. मरणाआधी आपण काय करतो, ते मला माझ्याच घरात कळायचं होतं.

साल १९९६. सासूबाईंच्या अंगावरून जायला लागलं होतं. पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेली, नि तरी लाल जायचं. त्यांनी वर्षभर कुणाला सांगितलं नाही. घरात सून कॉलेजात शिकवते, पण सासूनं सुनेला असलं सांगायचं कसं! मोरीत आपले कपडे आपणच धुवायच्या. शेवटी पाठदुखीनं अंथरूण धरलं तेव्हा आम्ही मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग. पसरलेला. डॉक्टरांनी ह्यांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, फार तर चार-सहा महिने.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच हे म्हणाले, "आईला काही कळू द्यायचं नाही. हाय खाईल ती." आणि मी, फळ्यावर चार प्रकार लिहून देणारी मी, मान डोलावली.

मग सुरू झालं आमचं सोंग. फाइल कपाटाच्या वरच्या खणात. कुणी पाहुणे आले की मी दारातच गाठून सांगायचे, "त्यांच्यापुढे बोलू नका हं, मणक्यात गॅप आहे असं सांगितलंय." पाहुणे आत जाऊन म्हणायचे, "काही नाही, थंडी गेली की बरं वाटेल!" सासूबाईही म्हणायच्या, "व्हय, थंडीनंच धरलंय." सगळं कसं छान चाललं होतं.

त्या दिवसांत एकेक गोष्टी घडत होत्या. एकदा त्यांनी मला ट्रंक उघडायला लावली आणि माझ्या नणंदेसाठी, जाऊबाईंसाठी, माझ्यासाठी अशा इरकली लुगड्यांच्या तीन गठड्या करून घेतल्या. म्हणे, कसर लागेल. एकदा भर दिवाळीत मला म्हणाल्या, "लोणच्याचं माप लिहून घे." मी म्हटलं, "आत्याबाई, कैऱ्या यायला अजून सहा महिने आहेत!" "घे लिहून. पाच किलो फोडींना एक किलो मीठ. कमी करू नकोस, बुरा येतो. फोडी आधी हळद-मिठात रात्रभर ठेवायच्या, पाणी निथळून घ्यायचं. तेल तापवून पार गार झाल्यावरच वतायचं." मी हसत हसत लिहून घेतलं.

आता तुम्हीच सांगा, हे कोण करतं? ज्याला उन्हाळ्याची कैरी दिसणार नाही हे माहीत आहे, तोच ना? कळमनुरीच्या एखाद्या आजीनं मला हे सांगितलं असतं, तर मी वहीत लगेच लिहिलं असतं, 'रुग्णाला पूर्ण जाणीव. तिसरा प्रकार.' पण माझ्या स्वयंपाकघरातलं मला दिसलं नाही. दिसू द्यायचं नव्हतं, असं म्हणते.

आणि एक गोष्ट त्या वारंवार बोलायच्या. त्यांची धाकटी बहीण, आमची गयामावशी, वसमतला दिलेली. हळदीच्या मळ्याच्या वाटणीवरून दोघींचा एकोणीस वर्षं अबोला. सासूबाई म्हणायच्या, "गयाला निरोप धाडता का?" आम्ही म्हणायचो, "थोडं बरं वाटू द्या, मग आपणच गाडी करून जाऊ वसमतला." कारण निरोप धाडायचा तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की सोंग फुटणार. आठ-दहा वेळा तरी त्यांनी हा विषय काढला असेल. आठ-दहा वेळा आम्ही त्यांना बरं वाटण्याची वाट पाहायला सांगितली.

माघाची रात्र होती. हे झोपले होते. मी त्यांचे पाय चेपत बसले होते आणि मला रडू आवरेना. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "कामून रडायलीस?"

"काही नाही, आत्याबाई."

"तुमी समदे मला येडी समजायलेत व्हय? पोटातलं माझं हाय, मला म्हाईत न्हाई तर काय तुमाला? पोरगं घाबरंल म्हणून बोलले न्हाई. त्याला वाटू दे, मला कळलं न्हाई म्हणून."

म्हणजे आम्ही त्यांना जपत होतो आणि त्या आम्हांला! चार महिने एका घरात, एका दिव्याखाली, सगळे एकमेकांना जपत होते, आणि त्या पायी एकाही माणसाला मनातलं बोलता आलं नाही. त्या रात्री आम्ही दोघी पहाटेपर्यंत बोललो. त्यांनी सांगितलं की जमिनीवर घ्यायची घाई करू नका, फरशी गार असते. आणि सांगितलं, "गयाला बोलाव. आता बरं वाटायची वाट बघू नको."

सकाळी उजाडताच मी एस. टी. डी. बूथवरून वसमतला फोन लावला. गयामावशी तिसऱ्या प्रहरी पोचल्या. पण दुपारीच सासूबाईंची वाचा गेली होती. मावशी उशाशी बसल्या, चमच्यानं पाणी पाजलं, तोंडावरून हात फिरवला. सासूबाईंनी डोळे उघडले, ओळखलं की नाही, देव जाणे. मी ओळखलं असं धरून चालते. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्यानंतर निघताना मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "आठ दिस आधी का न्हाई सांगितलंस गं पोरी? मी आले नसते व्हय?" मैत्रिणींनो, तीस वर्षं होत आली. ते वाक्य अजून माझ्या कानांतून गेलेलं नाही.

त्यानंतर एकदा मी नर्सीला गेले. नर्सी म्हणजे नामदेवांचं जन्मगाव, हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी. देवळाच्या ओट्यावर बसल्यावर माझ्या मनात आलं, एवढी अमेरिकेची पुस्तकं वाचली आपण, पण मरणाची हकीकत कशी सांगावी हे आपल्याच गावच्या माणसानं सातशे वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं आहे! ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे नामदेवांच्या नावावरचे अभंग तुम्ही कीर्तनात ऐकले असतील. त्यात काय आहे? जाणारा आधी सांगतो. सगळे जमतात. भावंडं रडतात, संत रडतात, खुद्द पांडुरंगाचा कंठ दाटतो. कुणी कुणापासून काही लपवत नाही. प्रत्येक जण निरोप घेतो आणि देतो. ग्लेसर आणि स्ट्रॉस ज्याला चौथा प्रकार म्हणतात, तो हाच. आपल्याकडे तो आधीपासून होता. मग दवाखाना आला, फाइल आली, आणि आपण ती कपाटाच्या वरच्या खणात ठेवायला शिकलो.

उघड बोलण्याचा आणखी एक फायदा असतो, तो म्हणजे दुखणं कमी करता येतं. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स ह्या बाई आधी नर्स, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. बरे न होणाऱ्या रोग्यांसाठी त्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हे रुग्णालय काढलं. रोग बरा होत नसला तरी वेदना कमी करता येतात, आणि मॉर्फिन दुखणं असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळ लावून द्यायला हवं, हे त्यांनी जगाला पटवलं. मुंबईत वांद्र्याला 'शांती आवेदना' १९८६ साली सुरू झालं. ते भारतातलं अशा प्रकारचं पहिलं. पण नेमका १९८५ साली आपल्याकडे अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि औषधाचं मॉर्फिन मिळणंही दुरापास्त झालं. २०१४ साली तो कायदा थोडा सैल केला गेला. आमच्या सासूबाईंच्या नशिबी साध्या गोळ्यांपलीकडे काही आलं नाही. आज तुमच्या घरी अशी वेळ आली तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, 'पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळेल?' हा शब्द पाठ करून ठेवा.

आणि ओघात आणखी एक. पाळी गेल्यावर एकदा जरी अंगावरून लाल गेलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लाजू नका. आपल्या मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ह्या रोगाचा मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एच. पी. व्ही. च्या तपासणीनं ह्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, असं त्यातून २००९ साली पुढे आलं. एक तपासणी! सासूबाई मोरीत एकट्याच कपडे धूत होत्या ते दिवस आठवले की जीव तुटतो.

आता शेवटचं सांगते, आणि ते सांगणं मला सगळ्यांत जड जातं.

२०२२ च्या एप्रिलमध्ये आमच्या ह्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टर मला बाजूला घ्यायला लागले तेव्हा मी म्हटलं, "त्यांच्यासमोरच सांगा." हे माझ्याकडे पाहून म्हणाले, "आईच्या वेळचं लक्षात आहे वाटतं?" मी म्हटलं, "रोज."

सहा महिने मिळाले आम्हांला. सोपे गेले असं मी म्हणणार नाही. पहिला आठवडा दोघंही नीट जेवलो नाही. पण मग आम्ही वही काढून बसलो. बँकेची खाती, विम्याचे कागद, शेताचा सातबारा, वारसाची नावं, कुणाचं देणं, कुणाकडून येणं. मुलगा पुण्याहून आला, मुलगी नांदेडहून आली, त्यांच्यासमोर ह्यांनी सांगितलं की शेवटी नळ्या, व्हेंटिलेटर काही नको, घरीच ठेवा. ज्या चुलतभावाशी बोलणं नव्हतं त्याला स्वतः फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला आणि दोघं दुपारभर पत्ते खेळत बसले. मी आत चहा करताना पदरानं डोळे पुसत होते. पण ते वेगळं रडू होतं.

त्याच मे महिन्यात वर्तमानपत्रात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडची बातमी आली. तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांनी हाच कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. ह्यांनी ती बातमी कापून घेतली, खाली लिहिलं, 'माझ्या मागे आमच्या घरीही असेच व्हावे,' आणि सही केली. मला म्हणाले, "तू एवढी शिकलेली, पण त्या वेळी तुझ्यानं भांडवणार नाही. म्हणून मीच लिहून ठेवतो."

हे दिवाळीच्या आधी गेले. घरी, आपल्या पलंगावर. आणि ते म्हणाले होते तसंच झालं. नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई उठल्या आणि माझा हात धरला, तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलीनं ते कात्रण आणलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. थोडी कुजबुज झाली. मग गल्लीतल्या एक सत्तरीच्या आजी पुढे आल्या, माझ्या बांगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आमच्यासाठी असं कुणी लिहून ठेवलं न्हाई गं माय." आणि त्या ज्या रडल्या! त्या दिवशी त्या माझ्या दुःखासाठी रडल्या की चाळीस वर्षांपूर्वीच्या स्वतःच्या, कोण सांगणार?

मला तेव्हा माझ्या वहीतली सेनगावकडची एक तरुण बाई आठवली. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिलेला. आमच्या जिल्ह्यात अशी घरं पुष्कळ आहेत. ह्या आत्महत्यांवर टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाला अहवालही दिला होता. ती बाई म्हणाली होती, "जो येतो तो मदतीला पात्र का अपात्र, तेवढंच विचारतो. मला कसं वाटायलंय, ते पयलं तुमीच विचारलं." माझ्या सगळ्या शिक्षणाचं सार्थक झालं असेल तर ते त्या एका वाक्यात झालं असं मी मानते.

तर मैत्रिणींनो, अनुभवाचे चार शब्द.

आजारी माणसाला सांगावं की नाही, ह्याला एकच उत्तर नाही. काहींना खरंच नको असतं ऐकायला. पण ते आपण परस्पर ठरवू नये. 'तुम्हांला आजाराबद्दल काही विचारायचंय का?' एवढं विचारावं आणि गप्प बसून ऐकावं. ट्रंक उघडायला सांगितली, अवेळी माप लिहून घ्यायला सांगितलं, जुन्या माणसाची आठवण काढली, तर 'असं काय बोलता!' म्हणून तोंड मिटवू नका. ते माणूस दार वाजवत असतं.

कुणाला बोलवायला सांगितलं तर त्याच दिवशी बोलवा. बरं वाटायची वाट पाहू नका.

घरातले कागद कुठे आहेत हे बाईला माहीत हवं. आणि यंत्रांवर ठेवायचं की नाही, हे धडधाकट असतानाच लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याच्या अटी सोप्या केल्या. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही केली की झालं. मी माझं करून ठेवलं आहे. मुलीला दाखवलं तेव्हा ती चिडली, मग रडली, मग दोघींनी चहा घेतला.

दर वर्षी कैऱ्या आल्या की मी सासूबाईंच्या मापानं लोणचं घालते. पाच किलोला एक किलो मीठ. बरणी भरली की पहिली वाटी वसमतला जाते, गयामावशींच्या सुनेकडे. मावशीही आता नाहीत. पण त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांच्या सुनेनं मला फोन केला होता, "वहिनी, सांगू का हो त्यांना?"

मी म्हटलं, "आधी विचार, त्यांना काय माहीत आहे ते."

तासाभरानं तिचा पुन्हा फोन आला. "वहिनी, त्यांना सगळं ठाऊक होतं."